टेन्शन आणि मोह एकदमच येतात तेव्हा काय करायचं

आधी एक क्लिअर करू, मोह आला म्हणजे पाप झालं असं नाही. येशूलाही मोह आले, बायबलमध्ये इब्री ४:१५ ला सरळच लिहिलंय की आपल्यासारखीच त्याचीही सगळ्या बाबतीत परीक्षा झाली, पण त्याने पाप केलं नाही. त्यामुळे मनात वाईट विचार आला की लगेच "मी कसला विश्वासणारा" करत बसू नका, अर्धी ताकद त्यातच जाते.

माझं म्हणणं असं की मोहाशी लढण्याआधी काळजीचं बघा. १ पेत्र ५:७ आपल्या सगळ्यांना पाठ असतं, सगळी चिंता त्याच्यावर टाका वगैरे, पण पुढचंच वचन काय आहे? सावध राहा, सैतान सिंहासारखा फिरतोय. ही दोन वचनं लागून आहेत आणि मला तरी तो योगायोग वाटत नाही, कारण टेन्शनने थकलेला माणूस पटकन घसरतो. अरण्यात ४० दिवस उपास झाल्यावर, भूक लागल्यावर सैतान येशूकडे आला आणि पहिला विषय काय काढला तर भाकरीचा! म्हणून जुनी सवय ओढायला लागली की आधी स्वतःला विचारा, आज मी कशामुळे वैतागलोय, झोप झालीये का, जेवलोय का. हसू नका, १ राजे १९ वाचा, एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली पडला होता तेव्हा देवदूताने त्याला प्रवचन दिलं नाही, उठवून खायला दिलं, तो परत झोपला, मग परत खायला दिलं.

आता काळजी देवावर टाकायची म्हणजे नेमकं काय? फिलिप्पै ४:६ प्रमाणे करा, आणि लक्षात घ्या की प्रेषित पौल हे कैदेत असताना लिहितोय, आरामात बसून नाही. कागद घ्या आणि ज्याची भीती वाटतेय ते नाव घेऊन लिहा. "प्रभू सगळं ठीक कर" एवढ्याने मन हलकं होत नाही, "या रिपोर्टची भीती वाटतेय", "या कर्जाचं काय होईल कळत नाही" असं लिहा, समोर देवाकडे काय मागताय ते लिहा आणि शेवटी आभार माना, एखाद्या खऱ्या गोष्टीसाठी, उगाच म्हणायचं म्हणून नाही. मग बघा यातलं आज माझ्या हातात काय आहे, एखादा फोन करायचाय किंवा फॉर्म भरायचाय तर आमेन म्हणून उठा आणि ते करून टाका. उरलेलं उद्याचं, मत्तय ६:३४. तासाभराने तीच काळजी परत येणारच, आली की परत द्या, त्यात विश्वास कमी पडला असं काही नाही. स्तोत्र १३ ची सुरुवातच "किती वेळ" ने होते, तेही चार वेळा. आणि हो, फिलिप्पै ४:७ मध्ये शांतीचं वचन आहे, प्रॉब्लेम लगेच सुटेल असं तिथे म्हटलेलं नाही.

मोह समोर उभा असेल तेव्हा मात्र लांब प्रार्थना करत तिथेच बसू नका. १ करिंथ १०:१३ म्हणतं देव निभावायचा उपाय पण देतो, आणि बऱ्याचदा तो उपाय म्हणजे चक्क दरवाजा असतो. योसेफाने शेवटी वाद घातला नाही, मोहात पाडणाऱ्या पोटीफरच्या बायकोच्या हातात वस्त्र सोडून पळाला (उत्पत्ती ३९). फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, ॲप काढून टाका, त्या ग्रुपमधून बाहेर पडा, आणि हे लगेच, कारण याकोब १:१४-१५ प्रमाणे वासना आधी मनात वाढते मग पाप जन्माला येतं, जितका उशीर तितकं जड जातं.

वचन पाठ करायचं तर आपल्या मोहाला लागू पडेल असं एकच निवडा आणि मोठ्याने बोला. अरण्यात येशूने सैतानाला तिन्ही उत्तरं जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकातून दिली, पण सैतानानेही स्तोत्र ९१ वापरलं होतं, तेव्हा नुसती स्टेटसला लावायची ओळ नको, आख्खा अध्याय वाचून ठेवा.

एका भरवशाच्या माणसाला सांगून ठेवा (याकोब ५:१६), पाळक असो की मंडळीतलं कोणी मोठं, फक्त ज्याच्या पोटात गोष्ट राहते असा. प्रार्थनेच्या नावाखाली सगळीकडे पसरवणारे पण असतात.

तरी पडलात तर रविवारची वाट बघू नका, तिथेच पापाचं नाव घेऊन कबूल करा, १ योहान १:९. शिष्य असूनही पेत्राने येशूला ओळखत नाही असं तीनदा म्हटलं होतं, येशूने त्यालाच तीनदा "माझ्यावर प्रीती करतोस का" विचारून काम सोपवलं.

आणि काळजीने झोपच उडाली असेल, छाती धडधडत असेल, किंवा जगणं नको वाटत असेल तर प्रार्थना चालू ठेवून आजच डॉक्टरकडे जा, घरच्या कोणाला तरी सोबत घ्या. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्यच होता (कलस्सै ४:१४), औषध घेतल्याने विश्वास कमी होत नाही.