भाज्यांचे स्टार्टर: आधी पाणी काढा, मग सारण भरा

भाज्या ताज्या हव्यात, सुरी धारदार हवी, हे वेगळं सांगायला नको. नग मात्र मोजून ठरवा. मागाहून जेवण असेल तर माणशी ५-६ पुरतात, स्टार्टरवरच भागवायचं असेल तर १०-१२ धरा. प्रकार तीनच करा: एक थंड, एक भाजलेला, एक तळलेला. चौथ्याच्या नादात पहिले तिन्ही बिघडतात.

आता पाणी. काकडी आणि टोमॅटोत सुमारे ९५ टक्के पाणी असतं, मश्रूममध्ये ९० टक्क्यांच्या वर. ते तुम्ही आधी काढलं नाहीत तर सारणातलं मीठ काढतं, आणि तेही थाळी मांडून झाल्यावर. मग ब्रेड भिजतो, सारण घसरतं, चव पांचट होते.

काकडीच्या दोन सेंटीमीटर जाड चकत्या करा. बियांचा भाग चमच्याने कोरा, तळ फुटू देऊ नका. आतून किंचित मीठ लावून सुती फडक्यावर २० मिनिटं पालथ्या ठेवा आणि पुसून घ्या. नंतर धुवायच्या नाहीत! छोट्या टोमॅटोंचंही तसंच: टोपी कापा, गर काढा, पालथे घाला.

झुकिनीच्या टिक्क्या करणार असाल तर अर्धा किलो किसाला एक छोटा चमचा मीठ चोळा, १५ मिनिटं थांबा आणि फडक्यात बांधून पिळा. आता काही निघत नाही असं वाटलं की किस हलवून पुन्हा पिळा, निघतं. टिक्की कढईत फुटते ती बहुतेक वेळा याच पाण्यामुळे. पीठ वाढवून ती आवळता येते, पण खाताना पिठाचा गोळाच लागतो. किसात मीठ उतरलेलं असतं, म्हणून मिश्रणात वरून घालण्याआधी एक टिक्की तळून चाखा.

मश्रूम पाण्यात बुडवून ठेवू नका, ओलसर कापडाने पुसा. देठ काढून, तेलाचा हात लावून २०० अंश सेल्सिअसवर १० मिनिटं पालथे भाजा. ट्रेमध्ये साचलेलं पाणी ओतून द्या, मगच सारण भरा आणि पुन्हा १० मिनिटं भाजा. कच्च्यातच भरलंत तर सारण त्या पाण्यात शिजतं आणि वरचं चीज करपलं तरी खाली लिबलिबीतच राहतं. देठ बारीक चिरून सारणात घाला, पण आधी पाणी पूर्ण आटेपर्यंत परता.

ब्रोकोली उकळत्या पाण्यात दीड मिनिट, लगेच बर्फाच्या पाण्यात, आणि तिथून फडक्यावर, तुरे खाली करून. तुऱ्यांत पाणी अडकून राहतं आणि ओल्या तुऱ्याला डिप धरत नाही. डिपचं दही रात्रभर फ्रीजमध्ये टांगून ठेवा. त्यात काकडी किसून घालायची असेल तर तीही पिळून. हो, इथेसुद्धा.

ब्रेडचे तुकडे कडक भाजून गार करा, मग लोण्याचा किंवा क्रीम चीजचा थर अगदी कडेपर्यंत लावा. चरबीचा थर ओल अडवतो, मधे ठिपका दिला तर कडा भिजणारच. चिरणं, कोरणं, पुसणं सकाळी उरकता येतं. भरणं मात्र शेवटच्या अर्ध्या तासात. आदल्या रात्री भरून ठेवायचा मोह होतो, तो टाळा.

तळण १८० अंशांवर, थोडं थोडं. काढून जाळीवर ठेवा, झाकू नका, वाफेने मऊ पडतं.

बाकी किरकोळ: काड्या, वापरलेल्या काड्यांसाठी वाटी, कागदी रुमाल. शेंगदाणे, काजू घातले असतील तर तसं सांगा. दही-चीजचे पदार्थ दोन तासांहून जास्त बाहेर नकोत, म्हणून थाळ्या लहान मांडा आणि उरलेलं फ्रीजमधून काढत राहा.