ख्रिसमस ट्रीवर फवारा मारण्याआधी

रविवारी सकाळी फवारणी करायची ठरवली असेल तर तयारी बुधवारी संध्याकाळीच सुरू करा. निम्मं काम औषधाची बाटली उघडण्याआधीचं असतं. शिवाय आयत्या वेळी गाळणी शोधत घरभर फिरलात की तेवढ्यात ऊन वर येतं.

आपल्याकडे नर्सरीत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून मिळतं ते झाड खरं म्हणजे पाइन नव्हेच. ते अरौकेरिया, ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला समुद्रात असलेल्या नॉरफोक बेटावरचं किंवा त्याचं न्यू कॅलेडोनियातलं भावंड. हे सांगतोय ते पांडित्य म्हणून नाही. या झाडाचा मधला शेंडा एकदा मोडला की ते पुन्हा तसं सरळ, सुबक वाढत नाही. त्यामुळे ‘किडकी फांदी छाटून टाका’ हा गुलाबाला चालणारा सल्ला इथे शेंड्यापाशी चालत नाही. शेंड्यावर कीड दिसली तर कात्री नाही, कापसाचा बोळा.

पहिली वस्तू भिंग. दहा पट मोठं दाखवणारं साधं भिंग पुरतं. फांद्यांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसले की आपण ‘पिठ्या ढेकूण’ म्हणून मोकळे होतो, पण हे झाड पांढरट डिंकही गाळतं. म्हणून काडेपेटीतली काडी घ्या आणि पुंजका दाबा. डिंक असेल तर घट्ट किंवा चिवट लागेल. पिठ्या असेल तर चिरडून ओला डाग पडेल. खोडाला आणि पानांना चिकटलेले तपकिरी चपटे ठिपके नखाने सुटून आले तर ती खवले कीड. आणि हिरवा रंग उडून झाड धुळकट, पिवळट दिसत असेल तर फांदीखाली पांढरा कागद धरून ती झटका. कागदावर मिरीपुडीसारखे ठिपके चालू लागले तर ते कोळी, घराच्या कोपऱ्यात जाळं विणणारा नव्हे, पानांचा रस शोषणारे बारीक. कोळी कीटक नव्हे, त्यामुळे कीटकनाशकाचा भरवसा धरू नका. उलट काही कीटकनाशकांनी त्यांना खाणारेच मरतात आणि कोळी वाढतात. आठवडाभर पाण्याचा जोरदार फवारा मारून बघा, आधी तेवढंच.

सगळ्यात खालच्या जुन्या फांद्या तपकिरी होऊन गळत असतील आणि बाकी झाड ताजंतवानं असेल तर घाबरायचं कारण नाही, ते वय आहे. कुंडीत पाणी साचतंय का तेही बोट घालून बघा.

भिंग हातात आहे तोवर आणखी एक. पिठ्यांच्या घोळक्यात त्यांच्यासारखीच पांढरी, पण मोठी, लांब मेणदार झुपके असलेली आणि भराभर चालणारी अळी दिसली तर हात आवरा. ती क्रिप्टोलेमस या ढालकिड्याची अळी असू शकते. हा किडा मूळचा ऑस्ट्रेलियातला, 1898 साली दक्षिण भारतात कॉफीच्या किडीसाठी आणला गेला आणि द्राक्षबागायतदार आजही तो पिठ्यांवर सोडतात. तो आला असेल तर फवारणी पुढे ढकला.

मग मुंग्या. माझ्या मते हे सगळ्यांत दुर्लक्षित काम. पिठ्या आणि खवले गोड चिकट द्रव सोडतात, तो मुंग्या चाटतात आणि बदल्यात शत्रूंना हुसकावतात. त्याच द्रवावर काळी बुरशी धरते. मुंग्यांचा रस्ता चालू ठेवून कितीही फवारा, महिन्याभरात घोळका परत येतो. खोडाभोवती प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळा आणि तिच्यावर ग्रीस फासा, थेट सालीवर नको. भिंतीला किंवा ग्रिलला टेकलेली फांदी असेल तर तो पूलही तोडा, नाहीतर पट्टी शोभेची.

आता सामान. दोन लिटरचा हातपंप, ज्यात कधीच तणनाशक भरलेलं नाही. कडुलिंबाचं तेल, सौम्य द्रवसाबण, मोजायला औषधाच्या बाटलीचं झाकण, गाळायला जुनं मलमल. लिटरभर पाण्याला पाच मिली तेल आणि एक-दोन मिली साबण. साबण आणि तेल थोड्या कोमट पाण्यात आधी घोटा, मग उरलेलं पाणी. थेट पाण्यात तेल ओतलं तर ते वर तरंगतं आणि शेवटचा फवारा निव्वळ तेलाचा जातो. एका आडबाजूच्या फांदीवर मारून दोन-तीन दिवस बघा. निळसर छटेच्या जुनिपर या शोभेच्या झाडावर मात्र तेल नकोच, तो निळेपणा उतरतो. विकतचं रासायनिक औषध आणलं असेल तर बाटलीवरचा, औषध किती विषारी ते सांगणारा रंगीत त्रिकोण पाहा: लाल आणि पिवळा घराच्या अंगणात नकोच.

हातमोजे, मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट. दोरीवरचे कपडे आत. शेजारच्या काकूंना आदल्या दिवशी सांगा, त्यांच्या पोपटाचा पिंजराही आत जाऊ दे. आपला कढीपत्ता आणि तुळस जुन्या चादरीने झाका, माशांची टाकी झाकणबंद. वेळ सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, वारा पडलेला.

आणि कॅलेंडरवर तीन खुणा आत्ताच करा, सात ते दहा दिवसांच्या अंतराने. अंड्यांवर फवाऱ्याचा फारसा परिणाम होत नाही, आणि पुढच्या रविवारी लग्न असेल तर शेजाऱ्याला पंप कुठे ठेवलाय ते दाखवून ठेवा.