वेल्समध्ये नव्याने येणाऱ्या ड्रॅगन पोरींसाठी

कार्डिफला उतरलात की पहिले दोन दिवस माहेरी आल्यासारखं वाटेल. झेंड्यावर लाल ड्रॅगन, मगवर ड्रॅगन, पोरांच्या टोपीवर ड्रॅगन, सिटी हॉलच्या घुमटावरही ड्रॅगन. 1959 साली हा झेंडा अधिकृत झाला आणि आज आपल्या जातीचं चित्र नसलेलं दुकान इथे शोधावं लागतं. एवढा मान पाहून मुली समजतात की इथे लपायची गरज नाही, आणि दुसऱ्याच आठवड्यात घरमालकासमोर शेपूट सोडून बसतात. पोरींनो, झेंड्यावरचा ड्रॅगन भाडं थकवत नाही, छताला काजळी धरत नाही, रात्री घोरत नाही. म्हणून तो सगळ्यांचा लाडका. तुमचाही होईल लाड, पण आधी दोन-तीन हिवाळे शेजाऱ्यांच्या नजरेखालून जाऊ द्या.

सह्याद्रीतून येणाऱ्या आपण बहुतेक सगळ्या इच्छाधारी. तेव्हा निघण्यापूर्वी एक चेहरा पक्का करा आणि तोच ठेवा. व्हिसाची प्लास्टिकची कार्डं 2024 च्या अखेरीला संपली, आता सगळं ऑनलाइन खात्यात असतं. नोकरी देणाऱ्याला शेअर कोड द्यायचा, त्याने तो टाकला की समोर तुमचा फोटो उघडतो. कुणाच्या तरी लग्नासाठी म्हणून नाक थोडं सरळ करून घेतलंत तर सोमवारी कामावर दारातूनच परत याल. जन्मसालही माणसाला शोभेल असं लिहा.

जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, पहिल्याच आठवड्यात नाव नोंदवा. वेल्समध्ये चिठ्ठीवरच्या औषधांना 2007 पासून पैसे पडत नाहीत. ताप मोजायला लागले तर आताच गरम चहा प्यायले म्हणून सांगा.

आता घर. इथे मी लांबण लावणार आहे, कारण दर सप्टेंबरला तेच रडगाणं ऐकायला मिळतं.

डिपॉझिट सोन्यात देऊ नका. एका मैत्रिणीच्या मुलीने दिलं. आपल्याकडचाच, गोड बोलणारा, स्वतःला सगळ्यांचा दादा म्हणवणारा एक मध्यस्थ. 'बँक खातं उघडायला वेळ लागेल ताई, तोवर दोन मोहरा द्या, घर तुमचं.' तिने आजीच्या ढिगातल्या दोन दिल्या. पावती नाही, करार नाही. किल्ली मिळाली ती ज्या घराची होती त्या घरात दुसरंच कुटुंब जेवायला बसलं होतं. पोलिसांत जाऊन सांगणार तरी काय? मोहरा कुठून आल्या या पहिल्याच प्रश्नाला तिची जीभ आत गेली. अख्खा हिवाळा तिने तिघींच्या खोलीत जमिनीवर काढला. आपल्या माणसांवर विश्वास ठेवू नका असं मी म्हणत नाही, पण परदेशात 'आपलाच' हा शब्द जो फार वेळा उच्चारतो त्याच्यासोबत व्यवहार कागदावरच करा.

कागद म्हणजे काय तेही सांगते. वेल्सचा भाड्याचा कायदा इंग्लंडपेक्षा वेगळा आहे. 1 डिसेंबर 2022 पासून इथे नवा कायदा लागू झाला. राहायला गेल्यापासून 14 दिवसांत मालकाने लेखी करार हातात द्यायचा असतो, आणि डिपॉझिट 30 दिवसांत सरकारमान्य योजनेत ठेवून त्याची माहिती तुम्हाला कळवायची असते. मालकाची नोंद रेंट स्मार्ट वेल्सकडे, म्हणजे घरमालकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे, असावी लागते, आणि ती यादी कुणालाही ऑनलाइन पाहता येते. पत्ता टाका, नाव येतं का बघा, मग पैसे द्या. पाच मिनिटांचं काम. तरीही मुली करत नाहीत, कारण खोलीच्या खिडकीतून किल्ला दिसतो म्हणून भुललेल्या असतात. आणि पैसे म्हणजे बँकेतून पाठवलेले पौंड. सोनं पाहून कुणी घाईने घर देत असेल तर तिथून निघा.

मग सोनं ठेवायचं कुठे? आणूच नका, हे माझं पहिलं उत्तर. आणलंत तर विमानतळावर जाहीर करा. आणि काहीही झालं तरी जमिनीत पुरू नका. सह्याद्रीत चालून जातं, इथे दर रविवारी निवृत्त गृहस्थ धातुशोधक यंत्र घेऊन शेतं पालथी घालतात. 1996 च्या खजिना कायद्यानुसार 300 वर्षांहून जुनं सोनं-चांदी सापडलं तर 14 दिवसांत कॉरोनरला, म्हणजे अशा खजिन्याची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवावं लागतं, आणि मग ते सरकारी खजिना ठरू शकतं. तुमची आजी तिच्या ढिगावर शतकानुशतकं झोपली, तो ढीग संग्रहालयाच्या काचेत गेला तर तिकीट काढून बघावा लागेल.

धुराचा गजर. नव्या कायद्याप्रमाणे भाड्याच्या घरात प्रत्येक मजल्यावर मेन्सच्या विजेवर चालणारे आणि एकमेकांना जोडलेले गजर असतात. म्हणजे तुम्ही तिसऱ्या मजल्यावर शिंकलात तर तळमजल्यावरचाही बोंबलतो. त्याच्यावर प्लास्टिकची पिशवी बांधायची युक्ती प्रत्येक नवीन मुलगी स्वतःच शोधून काढते आणि स्वतःला फार हुशार समजते. करू नका. मालकाच्या तपासणीत सापडलात तर वाद तुमच्या अंगावर येतो, आणि खरी आग लागली तर तुम्ही वाचाल, खालच्या खोलीतला विद्यार्थी वाचणार नाही. शिंक आली तर खिडकी उघडा आणि तोंड बाहेर काढा. कार्डिफच्या कॅथेज आणि रोथ या वस्त्यांमधल्या जुन्या घरांत तशीही खिडकी उघडी ठेवायची सवय लागलीच पाहिजे, कारण आपल्या अंगाची ऊब आणि त्या भिंतींची ओल एकत्र आली की आठवड्यात काळी बुरशी चढते. एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची: हीटिंगचं बिल. घरातल्या इतर मुली जानेवारीत तुमच्या खोलीत अभ्यासाला येऊन बसतील. येऊ द्या, मैत्री अशीच होते.

गुहेत राहायचा विचार डोक्यातून काढा. ओगोव फनन दी ही ब्रिटनमधली सर्वांत खोल गुहा, 274 मीटर, आणि शनिवार-रविवारी तिथे शिरस्त्राणं घातलेले हौशी लोक दोर लावून उतरतात. दानर ओगोव या दुसऱ्या गुहेला तर तिकीट आहे, आणि बाहेर डायनोसॉरचे पुतळे मांडलेत. तो अपमान सहन करता आला तर जा. उत्तरेकडच्या स्लेटच्या बंद खाणीत जाळ्यांवर उड्या मारायची सोय केली आहे. एकांत कुठेच उरलेला नाही.

उडणं. माक लूपच्या दऱ्यांत कधीही नाही. तिथे लढाऊ विमानं 250 फुटांपर्यंत खाली येऊन उडतात, आणि डोंगरउतारावर हातभर लांब लेन्स लावून माणसं दिवसभर बसलेली असतात. तुमचा फोटो निघाला तर आपलं सगळ्यांचं इथलं बस्तान उठेल. अमावास्येच्या आसपास, पाऊस पडत असताना, ब्रेकन बीकन्सच्या डोंगरांकडे जा. त्या भागात रात्रीचा काळोख मुद्दाम जपलेला आहे. उंचीची अपेक्षा ठेवू नका. इथलं सर्वांत उंच शिखर स्नोडन, म्हणजे अर विद्वा, 1085 मीटर. आपलं कळसूबाई 1646. हे इथल्या लोकांना सांगायचं नाही, माझ्या तोंडून एकदा निघालं आणि समोरच्याने आठवडाभर बोलणं टाकलं.

मेंढ्या माणसांच्या जवळपास तिप्पट आहेत. प्रत्येकीच्या कानात बिल्ला आहे. विषय संपला.

नोकरीबद्दल आमच्या पिढीचा सल्ला आता जुना झाला. आम्ही म्हणायचो, पोर्ट टॅलबटच्या पोलाद कारखान्यात जा, झोतभट्टीवर आपल्यासारख्यांना कुणी काही विचारत नाही, मालकही 2007 पासून टाटा. ती शेवटची झोतभट्टी 30 सप्टेंबर 2024 ला थंड झाली. त्या जागी विद्युत भट्टी येते आहे, तिला ना कोळसा लागतो ना आपण. त्या गावातल्या माणसांसमोर तुमच्या आगीचं कौतुक सांगत बसू नका, त्यांच्या घरातली पगाराची पाकिटं थांबली आहेत. वेल्डिंगचा नाहीतर काचकामाचा कोर्स करा. नुसती आग ओकता येते याला आता कुणी पगार देत नाही.

इथल्या इतर ड्रॅगनांविषयी. चिनी मंडळी सभ्य, पाण्यात रमणारी, नव्या वर्षाला जेवायला बोलावतात, जा. क्राकोचे पोलिश हसतमुख आहेत, पण आग ठरावीक वेळाने ओकतात आणि पर्यटकांना फोटो काढू देतात, हे मला काही पटत नाही. लंडनच्या सिटी या जुन्या भागाच्या सीमेवर पुतळे होऊन उभे असलेले ते चंदेरी, त्यांच्याशी मी बोलत नाही. हातात ढाल धरली आहे आणि ढालीवर क्रॉस कुणाचा, तर सेंट जॉर्जचा! ज्याने आपल्यातलीला भाल्याने मारलं त्याचा! त्यांची मूळ जोडी 1849 ची, आणि अजून त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. 23 एप्रिलला इंग्लंडात जाऊ नका, उगाच मन खट्टू होतं.

वेल्श म्हातारी माणसं तुम्हाला गोष्टी सांगतील. दिनास एमरिस टेकडीखाली लाल आणि पांढरा ड्रॅगन कसे झुंजले, रॅडनरच्या रानात शेवटचा ड्रॅगन कसा झोपला आहे आणि तो उठू नये म्हणून भोवती संत मायकेलची चर्चेस कशी बांधली. तपशील चुकलेले असतील. दुरुस्त करू नका, 'हो का?' म्हणा आणि दुसरा वेल्श केक घ्या. आणि रॅडनरला जाऊन त्या बिचाऱ्यांना उठवू नका. दर वर्षी कुणीतरी उत्साही मुलगी जाते.

वर्षातून थोडे दिवस खरी मोकळीक असते. सहा देशांच्या रग्बी स्पर्धेत सामना कार्डिफला असला की सेंट मेरी स्ट्रीटवर हजारो माणसं लाल शेपट्या आणि हिरवे पंख लावून फिरतात. त्या दुपारी खऱ्या अंगाने बाहेर पडलात तर लोक फार तर विचारतील, कॉस्च्युम कुठून घेतला. ऑनलाइन मागवला म्हणा. रात्री आठनंतर माणूस व्हा, कारण तोवर बियर चढलेली असते आणि कुणीतरी शेपूट ओढतंच. त्या दिवशी ट्रेन आधी बुक केलेली नसेल तर कार्डिफबाहेर जायचं मनातही आणू नका, आणि स्टेशनबाहेरच्या रांगेत कितीही कंटाळा आला तरी जांभई देताना तोंडावर हात ठेवा.