बॉक्स सेट घेताय? डिस्क मोजण्याआधी टेप कुठली ते बघा

बॉक्स सेट दिसला की पुणेकर आधी भागाकार करतो. मोत्सार्टच्या मृत्यूला २२५ वर्षं झाली म्हणून २०१६मध्ये २०० सीडींचा सेट निघाला, २०१८मध्ये बाखचा २२२ सीडींचा आला. एका सीडीला किती पडले याचा हिशेब केला तर हे सेट स्वस्तच वाटतात, आणि ते खोटंही नाही. पण याच हिशेबाने जॅझचे सेट घ्यायला गेलं की माणूस फसतो.

'आठ अल्बम, चार सीडी' असे जॅझचे सेट तुम्हीही पाहिले असतील. हे इतके स्वस्त कसे? युरोपात ध्वनिमुद्रणाचा हक्क पूर्वी ५० वर्षांचा होता. तो ७० वर्षांचा झाला, पण १९६३च्या आधी प्रसिद्ध झालेल्या रेकॉर्डिंगचा हक्क तोवर संपलेला होता आणि तो परत मिळाला नाही. म्हणजे पन्नाशीच्या दशकातलं जवळजवळ सगळं जॅझ तिथे कुणालाही छापता येतं. हक्क संपला म्हणून मास्टर टेप, म्हणजे ध्वनिमुद्रणाची मूळ टेप, हातात येत नाही, ती मूळ कंपनीच्या कपाटातच असते. मग असा सेट काढणारे बरेचजण जुन्या एलपीवरून किंवा दुसऱ्या कुणाच्या सीडीवरून माल उतरवतात, वर खरखर काढायला फिल्टर लावतात. खरखरीबरोबर झांजेची किणकिण आणि ट्रम्पेटचा श्वासही जातो.

ओळखायचं कसं? खोक्याची मागची बाजू आणि पुस्तिका वाचा. रेकॉर्डिंगची तारीख, स्टुडिओ, वादकांची नावं, कोणत्या टेपवरून कोणी मास्टरिंग केलं, यातलं काहीच नसेल आणि नुसतं 'डिजिटली रीमास्टर्ड' लिहिलेलं असेल तर खोका परत ठेवा. याच्या अगदी उलट काम मोझेइक रेकॉर्ड्सचं. पियानोवादक थेलोनियस मंकने ब्लू नोट कंपनीसाठी केलेल्या रेकॉर्डिंगपासून १९८३मध्ये त्यांनी सुरुवात केली. मूळ कंपनीकडून परवाना घ्यायचा, ठरावीक प्रतीच काढायच्या, प्रत्येक खोक्यावर क्रमांक घालायचा आणि सोबत भरगच्च पुस्तिका द्यायची, ही त्यांची पद्धत. संपलेला सेट मग जुन्या मालातच शोधावा लागतो आणि तिथे भाव काय लागेल ते विक्रेत्याच्या मनावर.

नवं म्हणजे चांगलंच, ही दुसरी गैरसमजूत. कंडक्टर सोल्टीने डेका कंपनीसाठी व्हिएन्नात १९५८ ते १९६५ या काळात ध्वनिमुद्रित केलेलं वाग्नरचं 'रिंग', म्हणजे चार ऑपेरांची मालिका, घ्या. २०१२मध्ये त्याचा भलाथोरला देखणा सेट निघाला, पण आतला आवाज १९९७च्या डिजिटल प्रतीचाच होता. मूळ टेप पुन्हा नव्याने उतरवल्या गेल्या त्या २०२२च्या आवृत्तीसाठी. खोक्यावरचं साल पुठ्ठ्याचं असतं, टेप कधी उतरवली ते पुस्तिकेत शोधावं लागतं.

पट्टी चुकतेय, कान नाही

गाणं-बजावणं ऐकत वाढलेल्या माणसाला एक गोष्ट लगेच खटकते: पट्टी. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या अल्बमचं पहिलं सेशन २ मार्च १९५९ला न्यूयॉर्कला झालं, तेव्हा मुख्य टेप मशीन किंचित हळू चालत होतं. टेप योग्य वेगाने वाजवली की संगीत चढं लागणार. त्यामुळे पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना तीसेक वर्षं थोड्या वरच्या पट्टीत विकल्या गेल्या. १९९२मध्ये दुसऱ्या, राखीव मशीनची टेप वापरून ही चूक दुरुस्त झाली. त्यातली पहिली रचना 'सो व्हॉट' ऐकताना पेटी घेऊन बसा. सा पांढरी दोनचा, स्वर काफी थाटाचे, आणि मधल्या आठ मात्रागटांत सगळं उचलून काळी दोनवर. पेटीशी जुळत नसेल तर तुमच्याकडची प्रत जुन्या टेपची आहे. किंवा पेटी ट्यून करायला झालीय, तेही तपासा.

पण फरक थोडाथोडका नसून तीन सुरांचा असेल तर दोष रेकॉर्डचा नाही. 'सो व्हॉट' पांढरी दोनऐवजी खाली पांढरी सातवर येऊन बसलं आणि माइल्स झोपेत वाजवतोय असं वाटलं, तर टर्नटेबल कुठून आलं ते विचारा. अमेरिकेतून येताना मामा किंवा मुलगा जुनं टर्नटेबल घेऊन येतो, इथे कुणीतरी ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर जोडून देतो आणि काम झालं असं समजतात. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, फ्रिक्वेन्सी बदलत नाही. तिकडे ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. जुन्या सिंक्रोनस मोटरचा वेग या फ्रिक्वेन्सीवरच ठरतो, त्यामुळे ३३⅓च्या जागी तबकडी २७.८ फेरे घेते. बेल्टवर चालणाऱ्या मशीनला ५० हर्ट्झची पुली मिळाली तर काम होतं. डीसी मोटर किंवा क्वार्ट्झ डायरेक्ट ड्राइव्ह असेल तर हा प्रश्नच येत नाही. घेण्याआधी विचारायचं ते एवढंच: मोटर कुठली?

सुटकेससारखी दिसणारी स्वस्त टर्नटेबलं मात्र महागड्या एलपी सेटसाठी घेऊच नका. त्यांच्या सुईचा दाब बऱ्याचदा पाच-सहा ग्रॅम असतो. चांगल्या कार्ट्रिजला (सुई बसवलेल्या भागाला) दोनच्या आसपास पुरतो.

परत पाठवण्याआधी

काही दोष हे दोष नसतातच. पियानोवादक बिल इव्हान्सच्या, न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमधल्या पूर्ण सेटमध्ये 'ग्लोरियाज स्टेप'च्या पहिल्या टेकमध्ये (त्याच रचनेच्या पहिल्या वादनात) आवाज मधेच जातो. डिस्क खराब नाही. २५ जून १९६१ला, ऐन कार्यक्रमात, वीज गेली होती. आपली गुरुवारी जाते, त्यांची रविवारी गेली. ग्लेन गूल्ड पियानो वाजवताना गुणगुणतो, ते स्पीकरमधून येणारं भूत नव्हे. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या सेशनच्या सेटमध्ये चार-सहा सेकंदांत थांबलेले टेक असतात, तेही मुद्दाम ठेवलेले.

खरे दोष वेगळेच. पुठ्ठ्याच्या घट्ट पाकिटातून डिस्क ओढून काढताना ओरखडे पडतात, कधी एकच डिस्क दोनदा येते आणि दुसरी गायब असते. दोनशे सीडी परतीच्या मुदतीत ऐकून होणार नाहीत. सीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणून प्रत्येकीचा फक्त शेवटचा ट्रॅक मिनिटभर लावा. कडेला काही झालं असेल तर तिथेच अडखळेल. डिस्कवरचा क्रमांक पाकिटाशी ताडून घ्या आणि मग निवांतपणे ऐका.

जुन्या बाजारात, बुधवारी-रविवारी, ऑपेराचे जुने जाड सीडी सेट हाती लागले तर आतला फोम बघा. ऐंशीच्या दशकातला फोम कालांतराने चिकट होऊन डिस्कला लागतो, तो आधी काढून फेका. डिस्कवर तांबूस झाक कडेकडून आत सरकत असेल आणि आतल्या कड्यावर 'मेड इन यूके बाय पीडीओ' असेल, तर ती इंग्लंडातल्या ब्लॅकबर्नच्या कारखान्यातली, १९८८ ते १९९३ दरम्यानची असण्याची शक्यता मोठी. तिच्या लॅकरला, म्हणजे वरच्या संरक्षक थराला, कागदातलं गंधक सोसलं नाही. यावर इलाज नाही. वाजतेय तोवर कॉम्प्युटरवर उतरवून घ्या.

उतरवलेलं ऐकताना बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीत तिसऱ्या भागातून चौथ्यात जाताना टाचणीएवढी शांतता आली तर प्लेअरमध्ये 'गॅपलेस', म्हणजे दोन ट्रॅक खंड न पाडता जोडणारी सेटिंग, बंद आहे. ते चालू करा. आवाज आपोआप सारखा करणारी सेटिंगही बंद करा. ट्रॅकनुसार आवाज सारखा केला की हळुवार भाग जोरकस भागाच्या बरोबरीला येतो, आणि मग सिंफनीत उरतं काय?

सगळा सेट सलग ऐकणं ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक. सेशनच्या क्रमाने लावलेल्या डिस्कवर एकच रचना तीन-चारदा येते. ते अभ्यासाला ठीक, पण ऐकायला आधी अल्बमचा मूळ क्रम वेगळा लावून घ्या, साधारण चाळीस मिनिटांचा. मग एखाद्या रात्री दोन टेक शेजारी ठेवा. तीच रचना, सोलोची बढत वेगळी. सवाई ऐकणाऱ्याला यातली गंमत समजावून सांगायला नको.

पावसाळा आणि पार्सल

बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात खोके ठेवू नका, जुलैत भिंत पाझरते आणि ऑगस्टपर्यंत पाकिटांना कुबट वास आणि बुरशी येते. कपाट चार बोटं पुढे ओढा, एलपी उभ्या ठेवा, आडव्या रचू नका. बोहरी आळीत मिळणारी मऊ पीव्हीसीची कव्हरं टाळा, ती रेकॉर्डवर धुरकट डाग पाडतात. साध्या पॉलिथीनची घ्या. बुरशी धुवायला नळाचं पाणी नको, बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर घ्या. त्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, पण फक्त एलपीला. आजोबांच्या ७८च्या लाखेच्या तबकड्यांवर अल्कोहोल लावलंत तर लाख विरघळेल.

परदेशातून मागवत असाल तर किमतीवर सीमाशुल्क आणि जीएसटी धरून चाला, कुरिअरवाले केवायसी मागतील. पार्सल दुपारी येत असेल आणि घरी कुणी नसेल, तर एप्रिल-मेमध्ये ते ऑफिसलाच मागवा. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत एलपीचा सेट तासभर राहिला तरी वाकतो, आणि वाकलेली एलपी कंपनी बदलून देत नाही.