आपल्या गल्लीतली वर्कशॉप्स लोकांना बघायला कशी उघडायची

मिरजेची सतारमेकर गल्ली घ्या, पुण्याची तांबट आळी घ्या नाहीतर सावंतवाडीची चितार आळी, सीन सगळीकडे तोच असतो. बाहेरगावचे दोघंतिघं दारात उभे राहतात, आत ठोकाठोक चालू असते, ते घाबरत विचारतात "आत येऊन बघितलं तर चालेल का?" आणि कारागीर मान वर न करता म्हणतो "या की". मग ते पाच मिनिटं अवघडून उभे राहतात, दोन फोटो काढतात, "छान आहे हं" म्हणतात आणि जातात. यांचं काही विकलं गेलं नाही, त्यांना काही कळलं नाही, आणि हातातलं काम थांबलं ते वेगळंच.

म्हणून ते "या की" जरा ठरवून करायचं. महिन्यातून एक रविवार किंवा वर्षातून दोन दिवस, ठरलेल्या वेळात, आणि मुख्य म्हणजे आपल्या अटींवर. आयडिया काही नवीन नाही, इंग्लंडमधे ऑक्सफर्डशायरला १९८३ पासून मे महिन्यात कलाकार आपापले स्टुडिओ उघडे ठेवतात, बंगालमधे पिंगल्याजवळ नया नावाचं पटचित्रकारांचं गाव आहे तिथे नोव्हेंबरमधे 'पट माया' भरतो आणि लोक चित्रकारांच्या घराघरात फिरतात. आपल्याकडे कुडाळजवळ पिंगुळीला परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्याचंच म्युझियम केलं, चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला) आणि कळसूत्री बाहुल्यांचं, पुढे २०२१ ला त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे हॉल वगैरे भाड्याने घ्यायची काहीच गरज नाही.

१. आधी अर्धवट काम बाजूला काढून ठेवा

बहुतेक जण इथेच उलटं करतात. लोक येणार म्हटल्यावर वर्कशॉप झाडून पुसून चकाचक, टेबलावर पांढरी चादर आणि त्यावर तयार माल मांडलेला. अहो, तयार माल त्यांनी इन्स्टावर बघितलाय. लोक येतात ते अर्धवट वस्तू बघायला.

त्यामुळे आदल्या पंधरा दिवसांत एकेका टप्प्यावर एकेक वस्तू थांबवून ठेवायची. सतारीचं उदाहरण घ्या. पंढरपूरकडून येणारा वाळलेला भोपळा एक अख्खा, एक कापलेला, एक दांडी जोडलेला, एक नक्षी अर्धी झालेला आणि एक पूर्ण, असे पाच ओळीने ठेवले की निम्मं बोलायचं काम वाचतं. आणि मिरजेत दाखवण्यासारखी खरी गोष्ट म्हणजे जवारी, म्हणजे तार ज्यावर टेकते ती घोडी घासून आवाज खुलवणं. तंबोऱ्याची तार आधी जवारी न लावता छेडायची, नुसता टणक कोरडा आवाज येतो, मग घोडी घासून, तारेखाली दोरा सरकवून तीच तार पुन्हा छेडायची. ज्याला संगीतातलं ओ की ठो कळत नाही त्यालाही फरक ऐकू येतो, मग पुढचं भाषण करायलाच लागत नाही. तुमच्या कामात अशी एक जागा शोधा, आधी आणि नंतर डोळ्यासमोर बदलणारी. तांब्याच्या भांड्यावर मठारकाम, म्हणजे हातोडीचे ठोके, करताना ठोका पडेल तिथे चमक उठते ती, कुंभाराच्या चाकावर मातीचा गोळा वर उचलला जातो तो क्षण, पैठणीच्या पदरावर मोराची मान पूर्ण होते ती ओळ. प्रत्येक धंद्यात असतं काहीतरी, आपल्याला रोजचं म्हणून दिसत नाही इतकंच.

२. तारीख धंदा बघून

सुट्टी बघून तारीख ठरवू नका, काम बघून ठरवा. पेणच्या गणपती कारखान्यात गणपतीच्या आदल्या पंधरवड्यात पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा पाहुणे बोलावले तर शिव्याच खाल. पण त्याच्या दीडदोन महिने आधी, रंगकाम चालू असतं आणि डोळ्यांची आखणी सुरू झालेली असते तेव्हा बोलावलं तर बघायला भरपूर आणि घाई कमी. कुंभारांनी भर पावसात ठेवू नये, माल वाळतच नाही. चपलावाल्यांचंही तसंच, पावसाळ्यात कोल्हापुरी कोण घेणार. आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीला हत्यारं पूजेला लागतात, त्या दिवशी काम बंद, म्हणजे फोटोला दिवस झकास पण बघायला आलेल्यांची निराशा.

वेळ छोटी ठेवा. सकाळी १० ते १ बास. दिवसभर उघडं ठेवलं तर दुपारी दोन ते चार कोणी येत नाही आणि तुम्ही जेवायचंही सोडून दाराकडे बघत बसता.

३. एकट्याने करू नका

एका घरासाठी कोणी तासभर गाडी चालवून येत नाही, पाच घरांसाठी येतं. गल्लीतली चारपाच घरं जमवा, शक्यतो वेगवेगळं काम करणारी. एक ठोकणारा, एक घडणारा, एक पॉलिश करणारा, एक दुरुस्तीवाला. सगळे एकच दाखवायला लागले तर तिसऱ्या घरात लोक जांभया देतात.

आता खरं सांगायचं तर गल्लीत सगळ्यांचं सगळ्यांशी जमत नसतं, आजोबांच्या काळापासूनची भांडणं असतात, "त्यांच्याकडे जास्त लोक गेले" हे तर होणारच. त्यावर उपाय एकच, फेरीचा क्रम आधी कागदावर लिहायचा आणि पुढच्या वेळी तो उलटा करायचा. प्रवेश फी घेणार असाल तर ती एकाच ठिकाणी घ्यायची आणि घरांमधे सारखी वाटायची, विक्री मात्र ज्याची त्याची. हे तोंडी ठेवू नका, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाईप करून सगळ्यांचा अंगठा घ्या.

एक साधा नकाशा हाताने काढा, पाच घरं, चहाची टपरी, गाडी लावायची जागा, टॉयलेट. त्याची झेरॉक्स पुरते.

आणि प्लीज उद्घाटन ठेवू नका. दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, प्रमुख पाहुणे आले की कार्यक्रम त्यांचा होतो, ते येणार अकराला आणि आलेली पब्लिक साडेदहापासून उन्हात उभी. रस्त्यात मांडवही नको, मग परवानग्यांची भानगड मागे लागत नाही.

४. जागा, धूर, आवाज आणि घरची माणसं

एका वेळी आठदहा जण, जास्त नाही. जिथे हत्यार चालतं तिथून दोन हात लांब सुतळी बांधा किंवा जमिनीवर खडूची रेघ मारा, लोक रेघ पाळतात खरंच. राप्या, आऱ्या, पटाशा, जे धारदार आणि वापरात नाही ते उचलून वर. लहान मुलं हात घालणारच हे धरून चला.

कल्हई लावणं हा एकदम हिट आयटम आहे, तापलेल्या भांड्यात नवसागर टाकला की भसकन धूर आणि कथिल फिरवलं की भांडं आतून चांदीसारखं. पण तो धूर घशाला लागतो, म्हणून हे फक्त उघड्यावर, वाऱ्याची दिशा बघून, आणि दम्यावाल्यांना आधीच सांगून. तांबट आळीत आवाज इतका असतो की लहान बाळ घेऊन येणाऱ्याला आधीच कल्पना द्यावी, कानात घालायला कापसाचे बोळे ठेवले तरी चालतात.

बहुतेकांचं घर आणि वर्कशॉप एकच. इथे जरा स्पष्टच बोलतो. आलेल्या माणसाला चहा विचारायचा ही आपली सवय, पण साठ माणसांचा चहा शेवटी घरातल्या बाईच्याच अंगावर पडतो आणि ती बाहेर येऊन आपलं काम दाखवूच शकत नाही. कोल्हापुरी चपलेची वेणी बऱ्याच घरांत बायकाच घालतात, मग त्या दिवशी त्या पुढे बसलेल्या दिसल्या पाहिजेत, आत गॅसपाशी नाही. चहा टपरीवरून, पैसे ज्याचे त्याने द्यायचे. आतल्या खोलीचा दरवाजा बंद. टॉयलेट घरातलं द्यायचं नसेल तर आधीच जवळचं कुठलं ते नकाशात दाखवा.

५. हात एकाचा, तोंड दुसऱ्याचं

मागावर बसलेल्या माणसाला प्रश्न विचारला की त्याचे धागे मोजायचे राहतात, एक चूक झाली की ती ओळ उसवा. म्हणून काम करणारा वेगळा आणि बोलणारा वेगळा. बोलायला घरातलं कॉलेजला जाणारं पोरगं किंवा पोरगी बेस्ट, त्यांना विषय माहीत असतो आणि लाजही कमी असते.

काय बोलायचं? दहा मिनिटांच्या वर नाही. "आमची कला खूप प्राचीन आहे" इथून सुरुवात करू नका, लोकांचं लक्ष तिथेच उडतं. हातात वस्तू घेऊन सुरुवात करा, हे काय आहे, कशाचं आहे, कुठून येतं, बिघडतं कुठे. बिघडलेला एखादा पीस जवळ ठेवाच, तडकलेलं मडकं, चिरलेला भोपळा. त्याच्यावर सगळ्यात जास्त प्रश्न येतात. इतिहास मधे एखाद्या वाक्यात येऊ दे, मिरजेत १९व्या शतकात फरीदसाहेबांनी सतारी बनवायला सुरुवात केली, ते मूळचे हत्यारं करणारे शिकलगार असं सांगतात, एवढं पुरतं.

जीआयबद्दल, म्हणजे भौगोलिक मानांकनाबद्दल, बोलताना मात्र जपून. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मधे जीआय मिळालं, कोल्हापुरी चपलेला त्याआधीच आहे, आणि त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकचे चार जिल्हे आहेत. पण वस्तूला जीआय आहे म्हणून प्रत्येकाला तो टॅग लावता येत नाही, त्यासाठी ऑथोराइज्ड युजर म्हणून नोंदणी लागते. ती झाली नसेल तर आधी करून घ्या, तोपर्यंत बोर्डावर लिहू नका.

६. एक वस्तू त्यांच्या हातात द्या

पाच मिनिटांत होणारं, बिघडलं तरी नुकसान नसणारं. तांब्याच्या तुकड्यावर चार ठोके, चामड्याच्या पट्टीवर एक नक्षीचा ठसा, चाकावर एक पणती. चाकावर लोक चिखल करतात, होऊ दे. स्वतः केलेली वाकडी पणती माणूस सोडून जात नाही, आणि दोन ठोके सरळ मारता आले नाहीत की मग तुमच्या भांड्याची किंमत त्याला जास्त वाटत नाही.

७. पैसे

फी घ्या. थोडी का होईना पण घ्या. फुकट ठेवलं की अर्धी गर्दी टाईमपासची. पन्नास ते शंभर रुपये ठीक वाटतात, शाळेच्या मुलांना माफ. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे जुन्या खेळाचे गोल पत्ते, रंगवणारे कलाकार बघायला लोक तिकीट काढूनच जातात, कोणी कुरकुर करत नाही.

प्रत्येक वस्तूवर किमतीची चिठ्ठी लावा. चिठ्ठी नसली की घासाघीस सुरू होते आणि समोर दहा माणसं ऐकत असताना एकाला शंभर रुपये कमी केले की झालं. किंमत जास्त असेल तर चिठ्ठीवर कारण एका ओळीत, उदाहरणार्थ दशावतारी गंजिफाचा संच १२० पानांचा असतो, एकेक गोल पान हाताने रंगवलेलं. एवढं वाचलं की "इतके का?" हा प्रश्न गळतो.

फिरायला आलेला माणूस सतार घेऊन जाणार नाही, हे उघड आहे. म्हणून दोनतीनशे रुपयांच्या आतलं काहीतरी ठेवा, पण तुमच्याच हातचं. बाहेरून आणलेली कीचेन विकायला ठेवलीत तर बाकीच्या मालावरही संशय येतो. क्यूआर कोड दोन ठिकाणी लावा आणि सुट्टे पैसेही ठेवा, गल्लीत नेटवर्क नेमकं त्याच दिवशी जातं.

८. फोटो

"डिझाईन चोरतील" ही भीती खोटी नाही. २०२५ च्या जूनमधे प्राडाने मिलानच्या शोमधे कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावच नाही, बोंबाबोंब झाल्यावर जुलैमधे त्यांची टीम कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली. पण पाहुण्यांना फोटो बंदी करून हे थांबलं नसतं. माझं मत, जुनी पारंपरिक डिझाईन्स बिनधास्त काढू द्या, नवीन स्वतःचं अजून बाजारात न आलेलं काम कपाटात ठेवा, आणि कामाच्या जागेच्या मागे भिंतीवर नाव, गल्ली, गाव असं मोठ्या अक्षरात लिहा म्हणजे फोटो जाईल तिथे नाव जाईल. माणसांचे फोटो मात्र विचारूनच.

९. बोलवायचं कसं

गूगल मॅपवर वर्कशॉपची पिन आधी नीट करा, वेळ आणि फोन टाका, निम्मे लोक गल्लीच्या तोंडाशी हरवतात. मग व्हॉट्सॲपचा एकच मेसेज, तारीख, वेळ, फी, काय बघायला मिळेल, गाडी कुठे लावायची. पोस्टरवर खर्च नको. जवळच्या दोन शाळांच्या चित्रकलेच्या सरांना जाऊन भेटा, ते एक सर चाळीस मुलं आणि वीस आईबाप घेऊन येतात. लॉजवाले आणि रिक्षावाले यांनाही सांगून ठेवा.

त्या दिवशी दाराशी एक वही ठेवा, नाव, नंबर, काय आवडलं. दोनतीन दिवसांत त्या नंबरांवर एकदाच मेसेज करायचा, रोज गुड मॉर्निंग नाही. पुढची तारीख कळवायची आणि खाली एक ओळ टाकायची: घरात कल्हई गेलेलं पातेलं, तार तुटलेला तंबोरा, शिवण उसवलेली कोल्हापुरी असेल तर येताना घेऊन या, बघून लगेच खर्च सांगतो. बघायला कोणी दोनदा येईलच असं नाही, पण दुरुस्तीला दिलेली वस्तू घ्यायला त्याला यावंच लागतं.