बिझनेस पदवीच्या विषयांची आखणी शेवटच्या सेमिस्टरपासून करा

विषयांची पूर्ण यादी घ्या आणि जितकी सेमिस्टर तितक्या रकान्यांचा एक तक्ता आखा. बहुतेक जण पहिल्या रकान्यापासून आवडीचे विषय भरत सुटतात आणि तिसऱ्या वर्षी अडकतात. तक्ता उलटा भरा.

शेवटच्या सेमिस्टरला बहुधा स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट असतं. त्याआधी फायनान्स, मार्केटिंग आणि ऑपरेशन्स झालेलं लागतं. फायनान्सच्या आधी फायनान्शियल अकाउंटिंग आणि स्टॅटिस्टिक्स, स्टॅटिस्टिक्सच्या आधी बिझनेस मॅथ्स. म्हणजे मॅथ्स, स्टॅटिस्टिक्स, फायनान्स, स्ट्रॅटेजी ही चार सेमिस्टरची साखळी झाली. फायनान्समध्येच स्पेशलायझेशन असेल तर मध्ये इन्व्हेस्टमेंटसारखा आणखी एखादा पेपर येतो. आता प्रत्येक विषयापुढे तो कोणत्या सेमिस्टरला शिकवतात ते लिहा. वर्षातून एकदाच असलेलं स्टॅटिस्टिक्स नापास झालात, तर त्यावर अवलंबून असलेले सगळे विषय वर्षभर पुढे जातात. म्हणून साखळीतले विषय आधी बसवा आणि एक सेमिस्टर हाताशी मोकळं ठेवा. एचआर, बिझनेस लॉ वगैरेंना जागा सहज मिळते.

मग क्रेडिट, म्हणजे प्रत्येक विषयाला त्याच्या अभ्यासाच्या भारानुसार दिलेला आकडा. चार वर्षांच्या अनेक पदव्यांना १२० क्रेडिट लागतात, म्हणजे सेमिस्टरला सरासरी १५. युरोपच्या ईसीटीएस या क्रेडिट पद्धतीत वर्षाला ६० असतात, त्यामुळे तिकडच्या विद्यापीठात एक्स्चेंजला जाताना आकडे जसेच्या तसे जुळवू नका. वर्गातल्या एका तासामागे बाहेर दोन तास अभ्यास धरला, तर १५ क्रेडिटचे, म्हणजे आठवड्याला साधारण १५ तासांचे वर्ग म्हणजे ४५ तासांचं काम. सोबत अर्धवेळ नोकरी असेल तर १२ क्रेडिटवर थांबणं शहाणपणाचं. पण फी सवलत किंवा शिष्यवृत्तीला किमान किती क्रेडिट लागतात ते आधी पाहा.

एका सेमिस्टरला आकडेमोडीचे दोनच विषय ठेवा. कॉस्ट अकाउंटिंग, स्टॅटिस्टिक्स आणि इकॉनॉमिक्स एकत्र घेतलं की तिन्हींची गणितं एकाच आठवड्यात साचतात. उलट मार्केटिंग, ऑर्गनायझेशनल बिहेवियर आणि आंत्रप्रेन्युअरशिप हे सोपे वाटणारे त्रिकूटही फसवं असतं: तिन्हींचे ग्रुप प्रोजेक्ट शेवटच्या दोन आठवड्यांत येतात आणि तीन वेगळ्या गटांच्या वेळा जुळवण्यातच जीव जातो.

स्प्रेडशीट किंवा डेटा अ‍ॅनालिसिसचा इलेक्टिव्ह (ऐच्छिक विषय) पहिल्याच वर्षी घ्या, पुढच्या प्रत्येक प्रोजेक्टला तो उपयोगी पडतो. फायनान्समधली इंटर्नशिप हवी असेल तर तिच्याआधी अकाउंटिंगचे दोन पेपर संपलेले असावेत, कारण मुलाखतीत ताळेबंद समोर ठेवला की बाकी सगळं बाजूला राहतं.

बाहेरच्या संस्थेतला विषय किंवा इंटर्नशिपचे क्रेडिट धरणार असाल तर लेखी मंजुरी आधी घ्या. "मिळतील बहुतेक" या तोंडी उत्तरावर विसंबू नका; मिळालेले क्रेडिट मुख्य विषयात न धरता नुसत्या इलेक्टिव्हमध्ये टाकले जाऊ शकतात. नावनोंदणीच्या दिवशी जागा भरतात, म्हणून प्रत्येक इलेक्टिव्हसमोर पेन्सिलने एक पर्यायी विषय लिहून ठेवा.