रॅकचा पीडीयू घेताना हिशोब कुठल्या दिवसाचा धरायचा?

सर्व्हरच्या रॅकमध्ये पीडीयू (यंत्रांना वीज वाटणारी सॉकेटांची पट्टी) दोन, ए आणि बी. प्रत्येक सर्व्हरला पॉवर सप्लायही दोन, एक इकडे जोडलेला, एक तिकडे. एरवी दोन्ही पीडीयू निम्मंनिम्मं ओझं वाहतात आणि डिस्प्लेवरचे आकडे बघून सगळं आलबेल वाटतं. पण एक फीड (एका पीडीयूला येणारी विजेची लाइन) गेला की अख्खा रॅक दुसऱ्याच्या गळ्यात पडतो. मी निवड, जोडणी आणि सेटिंग, तिन्ही त्याच वेळेचा हिशोब धरून करतो.

आधी लोड काढा. पॉवर सप्लायवर ८०० वॉट छापलंय म्हणजे सर्व्हर ८०० वॉट खातो असं नाही, ती फक्त सप्लायची कमाल क्षमता. प्रत्यक्ष वापर सर्व्हरच्या मॅनेजमेंट पोर्टवर (दुरून देखरेख करायच्या वेगळ्या नेटवर्क जोडणीवर) दिसतो. तिथला कामाचा जोर असतानाचा सगळ्यात मोठा आकडा घ्या. समजा ३८० वॉटचे १४ सर्व्हर आणि १५० वॉटचे दोन स्विच आहेत. एकूण ५६२० वॉट. हल्लीच्या सप्लायचा पॉवर फॅक्टर (वॉट आणि व्होल्ट-अँपिअरचं गुणोत्तर) एकच्या जवळपास असतो, त्यामुळे २३० व्होल्टला सुमारे २४.४ अँपिअर. ३२ अँपिअरच्या सिंगल फेज पीडीयूचे ८० टक्के म्हणजे २५.६. बसतंय, पण जेमतेम. अमेरिकेत सलग चालणाऱ्या लोडसाठी ही ८० टक्क्यांची मर्यादा नियमातच आहे. इतरत्र नियम वेगळे असतील, मी मात्र कुठेही तिच्या वर जात नाही.

आता खरी मेख. ३२ अँपिअरच्या पीडीयूत सहसा १६-१६ अँपिअरचे दोन ब्रेकर असतात आणि प्रत्येकाच्या हाताखाली सॉकेटची एक बँक, म्हणजे गट. सर्व्हर खालून वर चढवत गेलात आणि कॉर्ड जवळच्या सॉकेटमध्ये खोचत गेलात, तर दहा सर्व्हर खालच्या बँकेवर आणि चारच वरच्या, असं सहज होतं. एरवी खालच्या बँकेवर ८.३ अँपिअर दिसतं, १६ च्या निम्मं, कुणाला शंकाही येत नाही. ए फीड गेला की बी पीडीयूवर तीच बँक १६.५ वर जाते. ब्रेकर लगेच पडेल असं नाही, पण पडला की दहाही सर्व्हर एका दमात बंद. आणि एकूण लोड तर मर्यादेतच होता! म्हणून कॉर्ड लावण्याआधी कुठला सर्व्हर कुठल्या बँकेवर, हे कागदावर मांडा.

लोड सहाएक किलोवॉटच्या पुढे जाणार असेल तर थ्री फेजच घ्या. ४०० व्होल्ट, ३२ अँपिअरला सुमारे २२ केव्हीए (पॉवर फॅक्टर एकच्या जवळ असला तर जवळपास तेवढेच किलोवॉट) मिळतात. मात्र सर्व्हर तिन्ही फेजवर सारखे वाटले नाहीत तर एक फेज भरते आणि बाकीच्या रिकाम्या राहतात. ज्यात शेजारशेजारची सॉकेटं आळीपाळीने वेगवेगळ्या फेजवर असतात तो पीडीयू मला आवडतो, कारण वाटणी बरीचशी आपोआप होते आणि कॉर्डही आखूड लागतात.

सॉकेटं मोजूनच मागवा. साध्या सर्व्हरला सी१३ सॉकेट पुरतं, म्हणजे १० अँपिअर. ब्लेड चॅसिस (एकाच खोक्यात अनेक पातळ सर्व्हर) किंवा जीपीयूच्या दांडग्या मशीनला बहुधा १६ अँपिअरचं सी१९ लागतं. कॉर्ड लॉक होणारी घ्या. साधी सी१४ पिन (सी१३ सॉकेटमध्ये जाणारी) मागून हात लागला तरी ढिली होते, आणि ढिली झाल्याचं बाहेरून कळत नाही.

साधा, मीटरवाला की स्विच होणारा? बिनमीटरचा मी घेत नाही. किमान बँकनिहाय करंट दिसायलाच हवा. सॉकेट दुरून बंद-चालू करायची सोय तिथेच घ्या जिथे रात्री कुणी माणूस नसतो. बाकी ठिकाणी ती म्हणजे चुकीचा सर्व्हर बंद करण्याची सोय. उभा पीडीयू रॅकच्या मागे, गरम हवेत राबतो, त्यामुळे तो किती तापमानापर्यंत चालतो ते डेटाशीटमध्ये बघा. थर्मल ब्रेकर उष्णतेत लवकर पडतो, हायड्रॉलिक-मॅग्नेटिकला तिचा विशेष फरक पडत नाही. केबल वरून येणार की खालून, हेही ऑर्डरआधीच विचारून घ्या.

सेटिंगमध्ये आधी कारखान्याचा पासवर्ड बदला, टेलनेट (दुरून लॉगिनची जुनी, असुरक्षित सोय) बंद करा, एसएनएमपी (यंत्रांवर नेटवर्कवरून नजर ठेवायचा प्रोटोकॉल) व्हर्जन ३ वापरा आणि पीडीयू वेगळ्या मॅनेजमेंट नेटवर्कवर ठेवा. घड्याळ एनटीपीला (नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या सेवेला) जोडा, नाहीतर दोन पीडीयूंच्या लॉगचा मेळ लागत नाही. मग अलार्म. तो ८० टक्क्यांवर असेल तर दोन फीडच्या रॅकमध्ये कुचकामी, कारण तो वाजेपर्यंत उशीर झालेला असतो. मी प्रत्येक बँकेला ४० टक्क्यांवर इशारा लावतो, १६ अँपिअरसाठी ६.४. वर सांगितलेली ८.३ ची बँक याने पहिल्याच दिवशी ओरडली असती. स्विच होणारा पीडीयू असेल तर वीज परत आल्यावर सॉकेटं एकेक सेकंदाच्या अंतराने चालू होऊ द्या. सगळे सप्लाय एकदम चालू झाले तर सुरुवातीच्या करंटच्या धक्क्यानेच ब्रेकर पडू शकतो.

शेवटी चाचणी, सर्व्हरवर खरं काम सुरू व्हायच्या आधी. सर्व्हरवर कृत्रिम लोड लावा, ए चा ब्रेकर पाडा आणि बी च्या डिस्प्लेसमोर अर्धा तास उभे राहा. कुठला सर्व्हर बंद पडला तर त्याच्या दोन्ही कॉर्ड एकाच पीडीयूत गेल्या आहेत किंवा एक सप्लाय मेलेला आहे. बँकनिहाय आकडे लिहून घ्या, ए चालू करा, दोन्ही बाजूंना करंट पूर्ववत वाटला गेल्याची खात्री करा, आणि मग हेच बी बंद करून. आकड्यांचा कागद रॅकच्या मागच्या दारावर आतून चिकटवा. पुढचा सर्व्हर बसवायला येणारा माणूस दार उघडतोच.